उभ्यानं प्रुफं वाचणारी आत्या

माझ्या आत्याला बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. जेवायलासुद्धा ती अर्ध्याच खुर्चीवर टेकायची, म्हणजे कुणी हाक मारली तर उठायला सोपं. तिच्या पायाला भिंगरी आहे असं माझे वडील म्हणायचे. ते तिचे थोरले भाऊ, म्हणून ते म्हणू शकायचे. बाकी कुणाची तेवढी छाती नव्हती.

एकतीस वर्षं तिनं एका मासिकाच्या कचेरीत प्रुफं तपासली, आणि तीही उभ्यानं. तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, मधोमध मोठं टेबल, टेबलाभोवती आत्या. डाव्या हातात पुठ्ठ्यावर लावलेला कागद, उजव्या हातात लाल पेन. पहिली फेरी अर्थासाठी. दुसऱ्या फेरीत ती पान खालून वर वाचायची, पुठ्ठ्याची एक पट्टी सरकवत, एका वेळी एकच ओळ. सरळ वाचलं की मन गोष्टीत रमतं आणि चुका निसटतात, हा तिचा सिद्धांत. खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर कायम कागदांचा ढीग. नवीन माणूस आला की आधी खुर्चीकडे बघायचा, मग आत्याकडे, आणि मुकाट्यानं भिंतीला टेकून उभा राहायचा.

मासिक होतं विलक्षण गोष्टींचं. आरसा माणसं गिळतो, मेलेला शेजारी सकाळी वर्तमानपत्र मागायला येतो, एका घराला रोज एक खोली जास्त होते, असल्या गोष्टी. आत्याचा यातल्या कशावरही काडीचा विश्वास नव्हता. पण लेखकाला ती असं धारेवर धरायची की ज्याचं नाव ते. आरसा माणसं गिळतो तर गिळू दे, ती म्हणायची, पण पान चारवर त्याला तडा गेलाय आणि पान सहावर तो अखंड आहे, त्याचं काय? लेखक घाम पुसत घरी जायचा आणि आरसा दुरुस्त करून आणायचा.

मीही त्या मासिकात लिहिते. नोकरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, तक्रारी घेण्याची. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं मला फोन करतात, आणि आमचा माणूस पोचेपर्यंत त्यांना धीर देत बोलत राहणं हे माझं काम. दिवसभर कोंडलेल्या माणसांशी बोलल्यावर डोक्यात सरळ गोष्टी येतच नाहीत. शिवाय माझ्या नाकावर राग. तो आत्याकडून आलाय असं आई म्हणते, आणि हे ती कौतुकानं म्हणत नाही.

गेल्या वर्षी आत्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. दर गुरुवारी पाचच्या सुमारास आम्ही चारसहा लेखक तिच्या खोलीत जमायचो, गोष्टी द्यायला आणि एकमेकांच्या गोष्टींना नावं ठेवायला. एका गुरुवारी टेबलाभोवती फिरता फिरता तिनं जाहीर केलं की आता प्रत्येकानं एक कविता लिहायची. दहा ओळींच्या आत. आम्हाला वाटलं पानाखाली मोकळी जागा राहत असेल, ती भरायची असेल. पण छापायचं ती काही बोलेना. मला द्या, एवढंच म्हणे. हातात द्या आणि एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.

झालं, मग दर गुरुवारी तेच. कविता, कविता आणि कविता. पाठीमागे लागणं काय असतं ते आत्याकडून शिकावं. आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी चाळीस ओळी आणल्या, तिनं सहा ठेवून बाकीच्या त्यांच्या खिशात परत घातल्या. मास्तर दोन गुरुवार आले नाहीत आणि तिसऱ्या गुरुवारी स्वतःच सहा ओळींची आणखी एक कविता घेऊन हजर.

सगळ्यात जास्त घोळ घातला आमच्यातल्या शिंप्यानं. त्याचं दुकान कचेरीच्या खालीच, रस्त्याला लागून. कपडेच माणसांना घालून फिरायला जातात, असल्या त्याच्या गोष्टी. त्याचं म्हणणं, मी मापाचा माणूस, मला कवितेतलं काय कळतंय. आत्या म्हणाली, मग मापाचंच लिही. महिनाभर तो टाळत राहिला. मग एका गुरुवारी मापाच्या वहीतलं पान फाडून घेऊन आला आणि कान लाल करून त्यानं वाचलं:

गिऱ्हाईक उठून गेलं, माप राहिलं.
वहीत त्याची छाती अडतीस.
परवा कळलं, माणूस वारला.
मी अडतीस पुसून पाहिलं. पुसेना.

 आत्या टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात थांबली होती, आणि ती थांबली हेच विशेष. तिनं त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतलं, मग तिसऱ्यांदा. मग त्याच्याकडे न बघता तिनं चारी ओळी जशाच्या तशा म्हणून दाखवल्या आणि पुन्हा चालायला लागली.

मला ते आवडलं. आवडलं म्हणूनच माझं डोकं फिरलं. माझा समज असा झाला की आत्याला आमच्या गोष्टी मुळात कधी पटल्याच नव्हत्या. एकतीस वर्षं तिनं पोटासाठी भुतं तपासली, आणि आता म्हातारपणी खरं साहित्य हवंय. मी तिला तसं तोंडावर म्हटलंही. कविता लिहायला मला वेळ नाही, माझ्या गोष्टीच नीट तपास म्हणजे झालं.  दर गुरुवारी मात्र मी निघाले की ती विचारायची, "तुझी?" मी जिना उतरायला लागायचे.

मग माझी ती गोष्ट छापून आली. सहा महिने खपून लिहिलेली. तक्रारीच्या टेबलावरच्या एका बाईला रोज एका अडकलेल्या लिफ्टमधून फोन येतो. शेवटी न राहवून ती त्या पत्त्यावर जायचं ठरवते, आणि बघते तर इमारतीला लिफ्टच नाही. अंक हातात आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पान लावताना दोन परिच्छेदांची अदलाबदल झाली होती. माझी बाई आधी इमारत बघून आली होती आणि मग तिथं जावं की न जावं याचा विचार करत बसली होती.

त्याहून वाईट पुढेच होतं. आठवडाभरात वाचकांची पत्रं आली. काळ उलटा वाहतो ही कल्पना अप्रतिम, असं एकानं लिहिलं. दुसऱ्याला त्यात मानवी मनाची भीती दिसली. एवढी पत्रं मला कधी आली नव्हती. संपादकांना मी फोन केला तर ते म्हणाले, लोकांना आवडलंय ना, मग कशाला उकरून काढता. मी अर्धी सुट्टी टाकली आणि तीन जिने दोनदोन पायऱ्या चढत आत्याच्या खोलीत गेले.

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, अर्थात फिरत फिरत. मग म्हणाली, "अगं, दोन परिच्छेद इकडचे तिकडे झाले आणि कुणाला कळलं नाही. म्हणजे ते जागच्या जागी कशानं धरून ठेवलेले होते, सांग बरं? म्हणून म्हणते कविता लिही. तिथं एक ओळ सरकव, सगळं लंगडायला लागतं."

बोलणं खरं होतं. म्हणूनच मला ते सहन झालं नाही. चूक तिची आणि धडा मला! मी म्हटलं, वाचकांना नसेल कळलं, तुला कळायला हवं होतं. शेवटच्या प्रुफावर तुझी सही आहे. आणि मग जे बोलू नये ते बोलले. "आत्या, डोळे आहेत की बटणं?"

ती थांबली. खुर्चीवरच्या कागदांचा ढीग तिनं उगाचच सारखा केला, आधीच सारखा असलेला. मग म्हणाली, "तुला उशीर होत असेल." एरवी ती मला अशी सोडणारी नव्हती. शब्दाला चार शब्द आले असते, मास्तर किंवा शिंपी मध्ये पडले असते, आणि तासाभरानं आम्ही चहा प्यायलो असतो. मी जिना उतरले, पण जिंकल्यासारखं काही वाटेना.

चार दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. एका गृहस्थांना मी फोनवर पाचव्या मजल्याऐवजी सातव्यावर अडकवून ठेवलं, म्हणजे तसं नोंदवलं. घरी गेले की उठबस उठबस. शेवटी मी ठरवलं की जाऊन माझं हस्तलिखित परत आणायचं आणि हा विषय संपवायचा. माफी मागायची असं मी ठरवलं नव्हतं, हे कबूल करते. कामावर जायच्या आधी, सकाळी आठलाच, मी कचेरीत गेले. त्या वेळी तिथं कुणी नसतं म्हणून.

जिन्यातच मला शिंप्याचा आवाज ऐकू आला. तो काहीतरी विचित्र वाचत होता. "दार उघडलं स्वल्पविराम पण बाहेर कुणीच नव्हतं पूर्णविराम." दार अर्धं उघडं होतं. शिंपी भिंतीला टेकून प्रुफ वाचत होता, एकेक चिन्ह उच्चारत. आत्या टेबलाभोवती फिरत होती, हातात त्याच पानाची दुसरी प्रत, पण ती कागदाकडे बघतच नव्हती. तिची मान खिडकीकडे वळलेली, आणि कागद कानाच्या बाजूला धरलेला. मला वाटलं ती दुसराच काही विचार करतेय. मग शिंप्यानं एक ओळ वाचली, तिनं त्याला थांबवलं, कागद आणखी बाजूला नेला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यावर लाल खूण केली. खूण ओळीच्या खाली दोन बोटं पडली. शिंप्यानं तिचा हात धरून पेन जागेवर आणलं.

मी आवाज न करता खाली आले आणि दुकानाच्या बंद दारापाशी उभी राहिले. नऊ वाजता शिंपी कुलूप उघडायला आला. मला बघून तो काय ते समजला. आधी त्यानं आढेवेढे घेतले, बाईंना कळलं तर माझी धडगत नाही, असं म्हणाला. मग मशीनवरचं कापड काढता काढता त्यानं सांगितलं. दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं चाललंय. कडेचं राहिलंय. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कान दिसतात. डॉक्टर म्हणाले की हे परत यायचं नाही. गेल्या वर्षापासून तो रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिला प्रुफं वाचून दाखवत होता. संपादकांना तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. कंटाळा आला, या महिनाअखेर काम सोडते, एवढंच सांगितलं होतं.

"मग माझी गोष्ट कशी सुटली?" मी विचारलं.

शिंप्यानं कापडाची घडी घातली. "तुमची मला वाचू दिली नाही," तो म्हणाला. "भाचीचं मी स्वतः वाचणार, म्हणाल्या. चार दिवस लागले. एकेक शब्द, अशी मान वाकडी करून. शब्दाची एक चूक राहू दिली नाही त्यांनी, बघा तुम्ही. पण एका वेळी एकच शब्द दिसत असेल तर कुठला परिच्छेद कुठं आहे, ते कसं कळणार?"

मी अंक काढून बघितला नाही. बघायची गरज नव्हती. सगळ्या अंकात तेवढ्याच आठ पानांत शब्दाची एकही चूक नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. ते माझ्या लिहिण्याचं यश आहे असं मी धरून चालले होते.

कवितेचंही त्यानंच सांगितलं. गोष्ट कुणी वाचून दाखवली तर ऐकता येते, पण वाचणारा घरी गेला की गोष्टही त्याच्याबरोबर जाते, असं ती त्याला म्हणाली होती. कविता जवळ राहते. ज्यांची पानं एवढी वर्षं तपासली, त्यांचं प्रत्येकाचं काहीतरी जवळ असावं. डोळे पूर्ण जायच्या आत तिला सगळ्यांचं पाठ करायचं होतं. मास्तरांच्या दोन झाल्या होत्या, शिंप्याच्या तीन, बाकीच्यांची एकेक. एकाच माणसाची राहिली होती.

महिना संपायला बारा दिवस होते. मला वाटलं, दहा ओळी तर लिहायच्या, त्यात काय एवढं. मी रोज एक गोष्ट मनात रचणारी बाई. पण लिहायला बसले की घोडं पेंड खायचं. आधी आत्यावर लिहिलं, ते इतकं गोग्गोड झालं की तिनं लाल पेनसुद्धा लावलं नसतं, सरळ खिशात घातलं असतं. मग काळोखावर लिहिलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. मग एक लिफ्ट आणली, लिफ्टमध्ये एक सावली घातली, सावलीला बोलायला लावलं. सहा पानं झाली. कविता म्हणून सुरू केलेली ती गोष्टच झाली, आणि गोष्टसुद्धा वाईट. गोष्टीत मला आडोसा मिळतो, हे तेव्हा कळलं. घाबरलेली बाई मी नव्हेच, ती गोष्टीतली. इथं लपायला जागाच नव्हती. मी पेन्सिल चावायचे, उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे. आई म्हणाली, तूही आत्यासारखीच उभ्यानं जेवायला लागलीस.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याकडे एक ओळ नव्हती. तीनच्या सुमाराला एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. एकट्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, दिवा गेलेला. त्या दार बडवत होत्या, मला फोनवर ऐकू येत होतं. मी रोज बोलते तेच बोलायला लागले, पाठ झालेलं, गेली नऊ वर्षं बोलत आलेले. बोलता बोलता माझा आवाज बदलला असावा, कारण शेजारच्या टेबलावरच्यानं वळून बघितलं. बाई सुखरूप बाहेर आल्या. मी तक्रारीच्या कागदाच्या मागं, जे बोलले होते तेच उतरवलं. सात ओळी. वाचूनही बघितलं नाही, तशीच निघाले.

कचेरीत निरोपाचं वगैरे काही नव्हतं. आत्यानं तशी तंबीच दिली होती. ती एकटीच खोलीत होती, लाल पेनं एका डब्यात भरत. मी दारातूनच म्हटलं, आणलीय. ती म्हणाली, मग वाच, मला निघायचंय. मी वाचलं.

तक्रार नोंदवली आहे.
दारावर हात मारू नका.
दोन मजल्यांच्या मधल्या जागेत
तुम्ही एकट्या नाही.
मी बोलत राहते,
तुम्ही ऐकत राहा.
माणूस निघाला आहे.

तिनं डबा पिशवीत टाकला, खोलीला एक चक्कर मारली, टेबलाच्या कडेवरून हात फिरवत. पुन्हा वाच म्हणाली. मी वाचलं. मग ती जिन्याकडे निघाली. मी तिचा दंड धरायला गेले, तर तिनं माझा हात झटकला. कठड्याला धरून ती उतरायला लागली, आणि उतरता उतरता माझ्या ओळी म्हणायला लागली. पायरीला एक ओळ. तक्रार नोंदवली आहे. दारावर हात मारू नका. माझा जीव टांगणीला लागला होता, पायरी चुकते की ओळ चुकते याच्याकडे. दोन्ही चुकल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावर मात्र ती मध्येच थांबली.

"शेवटची ओळ तिथली नाही," ती म्हणाली.

मी सवयीनं भांडायला लागले. म्हटलं, शेवटी सुटका नको का, कुणीतरी येतंय असं नको का वाटायला?

"माणूस निघालाय हे तुम्ही सगळेच म्हणता. माणूस कुठं निघालेला असतो? तो चहा पीत असतो," आत्या म्हणाली. "त्यानं कुणाला धीर येत नाही. वर घे ती, पहिलीच्या खाली. आणि बाई बोलत राहते तिथं संपव."

मी कठड्यावर कागद ठेवला आणि खूण करून ओळ वर घेतली. मनात वाचून बघितलं. माझ्या सहा महिन्यांच्या गोष्टीत तिला जे दिसलं नव्हतं, ते तिनं दोनदा ऐकून पकडलं होतं. मला रडू आलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही. कारण ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिला चेहरा दिसत नव्हता, हे मला आता माहीत होतं.

"आत्या, त्या दिवशी मी बटणं म्हणाले."

"म्हणालीस खरी." तिनं पायानं पुढची पायरी चाचपत कठडा पक्का धरला. "शिंप्याच्या पोटात काही राहत नाही, मला माहीत होतं. जाऊ दे. बटणं तुटली तर तोच लावून देईल."

मग तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, या वेळी नव्या क्रमानं. तक्रार नोंदवली आहे. माणूस निघाला आहे. एक मजला उतरेपर्यंत तीनदा म्हणून झालं. खाली शिंप्यानं दुकानातून हाक मारली, तिनं हात हलवला, पण थांबली नाही. रस्त्यावर आल्यावर तिची चाल नेहमीचीच, मी निम्मी धावतेय. गर्दीत ती माझ्या दंडाला धरेल असं मला वाटलं होतं. धरलं तिनं, पण कोपरा ओलांडल्यावर, आणि तेही मी मागं पडले म्हणून पुढं खेचायला.

"ही पाठ झाली," ती म्हणाली. "दुसरी बोल."

दुसरी नव्हतीच. तसं मी सांगितलं. ती म्हणाली मग चालता चालता कर, घर अजून लांब आहे. आणि मी करायला लागले.